तिथी पाहून मालवण गाठा

मालवणात खोली ठरवण्याआधी घरातलं कॅलेंडर भिंतीवरून खाली काढा आणि तिथी बघा. शनिवार-रविवार कधी येतो ते सगळेच बघतात. म्हणून तर शनिवारी सकाळी तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते आणि रविवारी दुपारी तीच रांग उलट्या दिशेला तोंड करून उभी राहते. मधल्या वेळात स्कुबा, पॅरासेलिंग, बनाना राइड, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड आणि सिंधुदुर्ग किल्ला, सगळं आटपलेलं असतं. या धावपळीत गाव कुठे भेटलं? मालवणला चार दिवस तरी काढा, आणि ते चार दिवस समुद्राच्या वेळेने काढा. गावही त्याच वेळेने चालतं.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब कोकणातल्या आजोबांना तोंडपाठ असतो. तिथीचा आकडा घ्या, तिनाने गुणा, चाराने भागा. उत्तर येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा. पंचमीला पावणेचार. पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला एवढी अचूकता पुरते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळंच पाऊण तासाने पुढे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा समुद्र फार हलत नाही. आता गणित करून बघा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती अकरा-सव्वाअकराला, तर ओहोटी संध्याकाळी पाचच्या पुढेमागे. म्हणजे सूर्य खाली उतरत असतानाच किनाऱ्याचे खडक उघडे पडतात. मालवणला जायचे दिवस हेच.

त्या संध्याकाळी रॉक गार्डनला जा, पण बागेत बसू नका. बागा तुमच्या गावातही आहेत. खाली खडकांवर उतरा. खाचखळग्यांत अडकून राहिलेल्या पाण्यात समुद्रफुलं उमललेली दिसतील, पाठीवर शंख घेऊन चालणारे खेकडे दिसतील. कडेला बसलेल्या बायका लोखंडी अणीने खडकावरची कालवं फोडत असतील. त्यांचा अख्खा दिवस या तास-दोन तासांच्या ओहोटीवर अवलंबून असतो. त्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि कालवं विकत असतील तर घासाघीस करू नका. एकेक कालव फोडायला किती वेळ लागतो ते समोरच दिसतंय.

दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगडाकडे वाळूचा पट्टा जातो, तोही पूर्ण ओहोटीला उघडा पडतो. चालत जाता येतं. मात्र जाण्याआधी किनाऱ्यावरच्या कुणाही मच्छीमाराला पाणी कधी फिरणार ते विचारा, आणि तो म्हणेल तेव्हा परत फिरा. सेल्फीसाठी पाणी थांबत नाही. आणखी एक गोष्ट जाहिरात फलकांवर मोठ्या अक्षरांत यायला हवी. हा सगळा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग-पद्मगडाभोवतीचं पाणी त्याचा गाभा. त्या पाण्यात पोवळी आहेत. पोवळं म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत. ती फार हळू वाढते आणि एका पायाखाली मोडते. स्नॉर्केलिंग करा, जरूर करा, पण तळाला पाय टेकू नका. फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पाव किंवा बिस्किटं टाकू नका. तुम्हाला नेणाराच टाकत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. पैसे तुम्ही मोजलेत, तेव्हा हे सांगण्याचा हक्क तुमचाच आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर सकाळच्या पहिल्या होडीने जा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, पाणी शांत असतं; दुपारी खारा वारा सुटला की होडी हलायला लागते. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. होडीतून बघा, महादरवाजा सापडत नाही. अगदी जवळ जाईपर्यंत तो तटाच्या वळणांत दडलेला असतो. ज्याने हा किल्ला आखला त्याने आपल्याला शत्रू समजून आखला, हे त्या होडीत बसूनच कळतं. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारी कुटुंबं आहेत, हे पर्यटक हमखास विसरतात. त्यांची अंगणं ओलांडताना जरा आवाज खाली ठेवा. होडीवाला सहसा तासाभराची मुदत देतो. ती पुरत नाही. चढतानाच त्याला विचारा, नंतरच्या होडीने आलो तर चालेल का. तटावरून फिरायचं तर घाई करून भागत नाही. तो नागमोडी तट जवळजवळ तीन किलोमीटरचा आहे.

पण मालवणातली माझी सर्वांत आवडती गोष्ट किल्ला नाही. ती आहे रापण. पहाटे होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल घेते, जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा दोर ओढायला लागतात. म्हातारे, पोरं, बायका, सगळे. दोराला हात लावणाऱ्याच्या पदरात चार मासे पडायचे ही जुनी रीत. तुम्हीही हात लावा. तळवे सोलवटतील, पण जाळ्याचा घोळ वाळूवर येतो आणि त्यात तारल्या-बांगडे तडफडायला लागतात तेव्हा मासळी म्हणजे काय हे पहिल्यांदा समजतं. कधी घोळात नुसतं शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या येतात. त्या सकाळीही तिथे थांबा. कोणी कोणावर ओरडत नाही, दोर गोळा होतात, जाळं होडीत चढतं.

रापणी कमी होत चालल्या आहेत. दूर समुद्रात पर्ससीन जाळी थवेच्या थवे उचलतात, काही जण रात्री एलईडीचे प्रखर दिवे लावून मासे गोळा करतात, मग किनाऱ्यापर्यंत यायला उरतं काय? राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीला बंदी केली, आणि तरीही मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. त्यात भर आपली. रापण ओढायला मोकळा किनारा लागतो. तिथेच आपण खुर्च्या मांडतो, गाड्या उतरवतो, टायरने वाळू उकरतो. गाडी रस्त्यावर ठेवा आणि चालत या. समुद्र पन्नास पावलांवर आहे.

संध्याकाळी बंदरावर लिलाव. होड्या आल्या की टोपल्या वाळूवर पालथ्या होतात, भोवती कडं पडतं, बोली चढते आणि पाच मिनिटांत माल उचललेला असतो. बोली लावणाऱ्यांत बायका असतात आणि त्यांच्याशी भाव करायला भल्याभल्यांची छाती होत नाही. मागे उभे राहा, वाटेत येऊ नका. कुणीतरी विचारेलच, ‘खंयसून इलात?’ तिथून गजाली सुरू होतात. त्या दिवशी काय लागलं हे कळलं की रात्री काय खायचं तेही कळतं.

इथे माझं भांडण आहे. खानावळीत बसल्याबसल्या ‘सुरमई आहे का?’ हा प्रश्न बंद करा. सुरमई आणि पापलेट यांच्यापलीकडे समुद्र आहे. तारल्या खा, पेडवे खा, मुडदुशे खा. काटे आहेत म्हणून सोडू नका, वेळ आहे ना तुमच्याकडे? तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं तर मालवणाबाहेर तसं होतच नाही. घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवा, आज जे येईल ते करा. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला घावणे आणि नारळाचा रस मागा. बाजारातून खाजं घ्या, आल्या-गुळाचं.

हिवाळ्यात गेलात तर एक रात्र दशावताराला द्या. जत्रा तिथीवर ठरलेल्या असतात, म्हणजे पुन्हा कॅलेंडरच. अपवाद जवळच्या आंगणेवाडीचा. भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस दरवर्षी देवीच्या कौलाने ठरतो. तिथली गर्दी बघता निवांत राहायला आलेल्याने तो दिवस टाळलेला बरा. त्यापेक्षा एखाद्या लहान गावची जत्रा शोधा. पालखी फिरून झाली की देवळासमोर नाटक उभं राहतं. रंगमंचावर एक बाक, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. आधी गणपती येतो, मग संकासुर, मग आख्यान. हातात संहिता नाही. आख्यान ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात. पुरुषच राण्या होतात, त्याच राण्या पहाटे मुंडावळ्या आणि दागिने पेटाऱ्यात भरून पुढच्या गावाला निघतात. तिकीट नाही. चटई न्या, शाल न्या, उजाडेपर्यंत बसा. अर्ध्यात उठून जायचं असेल तर मागे बसा.

आणि पावसाळ्यात जाणार असाल तर अपेक्षा बदलून जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. हा काळ माशांच्या विणीचा. किल्ल्याची होडीही बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, पडवीत जाळ्यांची दुरुस्ती चाललेली असते, आणि जुनी माणसं नारळी पौर्णिमेला सागराला नारळ दिल्याशिवाय पाण्यात जायचं नाव काढत नाहीत. पाऊस बघायला, झोपायला, वाचायला याहून चांगली जागा नाही. पण त्या दिवसांत ताटात ताजी सुरमई मागू नका. मिळाली तर ती कुठून आणि कधीची, हा प्रश्न विचारा. कुळथाची पिठी, उकडा भात आणि भाजलेला सुका बांगडा मागा. जुलैचं मालवण हेच जेवतं.