सत्तर टक्के स्पिरिट

प्रत्येक नाक्याचा एक लाडका प्रश्न असतो. विमानतळ विचारतो, कात्री-सुरी? ताडोबाचं गेट विचारतं, मोबाईल? आणि चंद्रपूरहून मूल-सावलीमार्गे वैनगंगेच्या पुलावर पोचलं, की काय विचारतात हे या भागातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरात ती २०१५ ला आली नि २०२१ ला गेली. तेव्हापासून नदीच्या अलीकडे ओलं, पलीकडे कोरडं. (भामरागडला पर्लकोटेचा पूर चढला की हे वाक्य मी मागे घेतो.)

माझी मधुमेहाची पिशवी या तिन्ही प्रश्नांना पुरून उरते. बोट टोचायच्या सुया, पट्ट्यांची डबी, मीटर, इन्सुलिनचं पेन, स्पिरिटच्या चपट्या पुड्या आणि ग्लुकोजची पावडर. शिवाय इन्सुलिनभोवती ओलं फडकं, कारण वापरातलं इन्सुलिन तीस अंशांच्या आत ठेवा असं डॉक्टर सांगतात आणि मे महिन्यातलं चंद्रपूर सत्तेचाळीस सांगतं. बरीचशी मीटरं चाळिसाच्या पुढे काम करत नाहीत. उन्हात उभ्या गाडीत ते यंत्र पडद्यावर थर्मामीटरचं चित्र दाखवतं आणि हात वर करतं. माणसाची साखर मोजायची, तर आधी यंत्राचा ताप उतरवायचा.

एकदा पुलाजवळच्या नाक्यावर पिशवी उघडली गेली. शिपाई तरणा होता, पण नजर मुरलेली. सुया बघितल्या, सोडल्या. पेन बघितलं, टोपण काढून बघितलं, सोडलं. स्पिरिटची पुडी मात्र त्यानं उन्हात धरून वाचली.

"हे का होय जी?"

"बोट पुसायला."

"सत्तर टक्के लिवलं हाये यावर." त्यानं साहेबांना हाक मारली. "साहेब, इंग्लिश बेचाळीस पॉइंट आठ ऱ्हायते. हे सत्तर हाये!"

दारूबंदीच्या जिल्ह्यात टक्केवारीचं इतकं चोख ज्ञान मला दुसरीकडे आढळलेलं नाही. साहेबांनी पुडी हुंगली. हे पिण्याचं नव्हे, आयसोप्रोपिल आहे, प्यायलं तर विषबाधा होते, असं मी सांगितलं. साहेब म्हणाले, "मोहाची पिणाऱ्यालेही आम्ही हेच सांगतो. आयकते का कोनी?" एवढ्याशा कापडाच्या तुकड्यात घोटभरही निघणार नाही हे पटल्यावर पुड्या परत मिळाल्या.

मग सापडली ग्लुकोजची पावडर.

"तुमाले शुगर हाये म्हन्ता?"

"हो."

"अन् साखर घिऊन हिंडता?"

इथे मी वैद्यकीय व्याख्यान दिलं. औषधानं साखर फार उतरली, की पंधरा ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. सगळं ऐकून घेऊन शिपाई म्हणाला, "म्हंजे वाढली तं सुई, उतरली तं साखर. मंग दोन्ही सोडून द्या ना जी, बराबर होते!" साहेबांनी मान हलवली. माझ्या सौभाग्यवतीनंही हलवली. ते मला जास्त लागलं.

विमानतळावर त्या मानानं सोपं असतं. चिठ्ठी दाखवायची, पिशवी पट्ट्यावर ठेवायची. इन्सुलिन मात्र मोठ्या बॅगेत देऊ नये, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच असतं.

ताडोबाला वेगळीच पंचाईत. माझ्या दंडावर आता सेन्सर आहे आणि त्याचे आकडे मोबाईलवर उमटतात. कोअरमध्ये मोबाईल बंद. म्हणजे मी जिप्सीत आणि माझी साखर गेटवर. म्हणून जुनं मीटर खिशात.

मोहर्लीकडून आत गेलो आणि वळणावर वाघीण रस्त्यात बसलेली. मला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, छाती धडधडली. साखर उतरल्याची लक्षणं नेमकी हीच. जिप्सीतल्या सगळ्यांनाच ती झाली होती, पण त्यांच्यापाशी मीटर नव्हतं. मी सीटखाली वाकून बोट टोचलं. सौभाग्यवती कुजबुजली, "आधी वाघ तरी बघा." गाईडनं ओठांवर बोट ठेवलं. पट्टीनं रक्त ओढलं, आकडा आला.

"एकशे शहात्तर," मी हळूच तिला सांगितलं. म्हणजे घाम वाघिणीचाच.

इथल्या वाघांना नंबर असतात. प्रसिद्ध माया ही टी-१२ होती. मागच्या सीटवरच्या पुण्याच्या गृहस्थांनी तत्परतेनं वही काढली आणि तारीख-वेळ घालून लिहिलं: टी-१७६, मादी, प्रकृती उत्तम.