पडवी गळते आहे, कळवण्यास आनंद होतो

रायगडच्या किनाऱ्यालगतच्या बोर्ली पंचतनात भाड्याने राहणारे कोण? बदलीवर आलेले गुरुजी, बँकेतले साहेब. घरमालक बहुधा मुंबईत. वेळ वाचावा म्हणून तो हल्ली भाडेकरूंशी एआयमार्फत बोलतो. पडवी गळतेय, असा निरोप गेला की यंत्र क्षणात लिहितं, ‘आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे.’ गुरुजीही काही कमी नाहीत. त्यांचं यंत्र आभाराचं पत्र धाडतं. इतकं गोड तर व्याही-व्याहीसुद्धा बोलत नाहीत. बादली भरतेच आहे. कौलं शाकारणाऱ्याला मात्र यंत्राचा निरोप पोचत नाही. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या किनाऱ्यावरची छपरं उडवली तेव्हापासून त्याचा भाव मालकाहून मोठा.

करारनामाही यंत्र मिनिटात लिहितं. नोंदणी तेवढी राहते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं, लेखी करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी. नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. तेव्हा वाचलेल्या वेळात मालकाने गुरुजींनाच नम्रपणे विचारावं: आपलं भाडं किती ठरलं होतं हो?