बिनकष्टाची बाग

कष्टाविना बाग हवी असेल तर नर्सरीतल्या डच गुलाबाकडे पाहूही नका. त्याचे लाड जावयासारखे: माती बदला, छाटणी करा, मावा पडला की कडुनिंबाचं तेल फवारा, आणि एवढं करून फूल येतं ते एकच, तेही रुसलेलं. त्यापेक्षा सदाफुली लावा. खरं तर लावूही नका. ती गच्चीच्या भेगेत आपणहून उगवते, बारा महिने फुलते, शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. जास्वंदीची फांदी पावसाळ्यात मातीत खोचली की झालं. फुलं तोडायचीही चिंता नको. पहाटे प्लास्टिकची पिशवी आणि आकडा लावलेली काठी घेऊन फिरणारे भाविक कुंपणावरून ते काम विनामोबदला उरकतात. पुण्य त्यांच्या खात्यात, पाणी घालणं तेवढं आपल्याकडे.