स्केलेटरची बाजू

खेळण्यांच्या दुकानात आईबापांचा हात आपोआप नायकाकडे जातो. त्यात त्यांची चूक नाही. पैसे मोजून घरात आणायचं तर कोणाला आणावं, पिळदार दंडाच्या सोनेरी केसांच्या राजपुत्राला, की कवटीच्या तोंडाच्या निळ्या माणसाला? त्यामुळे आमच्या पिढीतल्या बऱ्याच घरांत ही-मॅन होता आणि त्याच्याशी लढायला कोणीच नव्हतं. तो बिचारा कधी साबणाच्या डबीशी लढे, कधी बहिणीच्या बाहुलीशी. एका वर्षी आमच्या गणपतीच्या आराशीत तो हिमालयावर उभा होता. कापसाच्या बर्फात, नुसत्या लंगोटावर.

तो कवटीवाला स्केलेटर मागितला तेव्हा आईने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "मेलं ते तोंड बघ! तिन्हीसांजेला घरात नको असलं काही." विषय संपला.

चाळिशी उलटल्यावर खिशात स्वतःचे पैसे असतात आणि खेळण्याचं तोंड बघून नाही म्हणणारं कोणी उरत नाही. (बायको नाही म्हणते, पण ती माझं तोंड बघून.) तर असा माझा स्केलेटर आला. साधारण साडेपाच इंच उंची. पिवळ्या कवटीला कडेने हिरवी झाक, नाकाच्या जागी खड्डा. डोक्यावरचं जांभळं टोपडं आणि चेहरा एकाच मऊ, पोकळ प्लास्टिकचा. चिमटीत धरलं की गाल बसतात. उभं राहण्याची ढब आखाड्यात सलामीला वाकलेल्या पैलवानाची. कंबर एका बाजूला वळवून सोडली की आतली स्प्रिंग त्याला गर्रकन फिरवते आणि तो ठोसा मारतो. पाय मात्र आतून रबराने जोडलेले असतात, आणि इतक्या वर्षांत ते रबर सैल पडतं. त्यामुळे अख्खं विश्व गुलाम करायला निघालेला हा गृहस्थ माझ्या कपाटात काचेला टेकून उभा असतो.

पाठीवर बारीक उठावदार अक्षरांत मॅटेल कंपनीचं नाव आणि १९८१ हे साल. विकणारे ते साल दाखवून भाव चढवतात. वास्तविक ही 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' मालिका अमेरिकेत बाजारात आली १९८२ मध्ये. पाठीवरचं साल हक्कनोंदणीचं, आणि पुढे कित्येक वर्षं साच्यातून निघालेल्या बाहुल्यांच्या पाठीवर तेच राहिलं. जाणकार त्याच्या शेजारी कोणत्या देशाचं नाव आहे ते बघतात. मलेशिया, मेक्सिको, तैवान. स्केलेटरचा जन्म कुठेही झालेला असू शकतो. आपल्याकडे लिओ मॅटेलच्या नावाने हे बाहुले भारतातच निघत. त्यांचे रंग थोडे वेगळे उतरत, आणि नेमक्या त्यासाठी आज परदेशातले छांदिष्ट ते शोधत असतात. आमच्या आयांनी दुकानात नाक मुरडलेला माल तिकडे दुर्मिळ ठरतो.

ही-मॅन आणि स्केलेटर शेजारी उभे करून बघण्यात खरी मजा आहे. दोघांची छाती एकाच साच्यातली. दंड तेच, मांड्या त्याच; फरक डोक्यात, कोपराखालच्या हातांत आणि पावलांत. साचे महाग, प्लास्टिक स्वस्त, म्हणून मॅटेलने एका धडावर सज्जन आणि दुर्जन दोन्ही भागवले. ही-मॅनचा हिरवा वाघ बॅटल कॅट मुळात कंपनीच्या 'बिग जिम' या जुन्या मालिकेतला होता. त्यालाच जांभळी मखमली लव चढवली आणि तो स्केलेटरचा पँथर झाला. तलवारीही अर्ध्या-अर्ध्या: एक अर्धी याच्याकडे, एक त्याच्याकडे. दोन्ही जोडल्या की, दोघे ज्यासाठी भांडतात त्या ग्रेस्कलच्या किल्ल्याची किल्ली तयार होते. म्हणजे नायकाला दार उघडायचं तर खलनायकही विकत घ्यायला हवा. हे आईला तेव्हा समजावून सांगता आलं असतं, तर कदाचित तिने दुकानच बदललं असतं.

स्केलेटरचं रूप ज्यांनी कागदावर उतरवलं ते मार्क टेलर एक किस्सा सांगत. लहानपणी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या करमणूक उद्यानात, भुताच्या खोलीत त्यांनी एक टांगलेला सांगाडा पाहिला आणि तो खरा आहे अशी त्यांची खात्री पटली. ती भीती पुढे स्केलेटरच्या तोंडात उतरली. त्याच उद्यानात डिसेंबर १९७६ मध्ये 'द सिक्स मिलियन डॉलर मॅन' या टीव्ही मालिकेचं चित्रीकरण चालू असताना कोणीतरी रंग फासलेला एक पुतळा हलवायला गेलं. त्याचा हात निखळला आणि आत हाड निघालं. ते प्रेत होतं एल्मर मॅकर्डी या दरोडेखोराचं. हा १९११ मध्ये ओक्लाहोमात चकमकीत मारला गेला. दफनविधीवाल्याने आर्सेनिक भरून देह टिकवला, घ्यायला कोणी आलं नाही, तेव्हा पैसे घेऊन लोकांना दाखवायला सुरुवात केली, आणि मग जत्रा, मेणाचे पुतळे असं करत तो देशभर फिरला. तारखा जुळवू गेलं तर टेलरांचा किस्सा लंगडतो, कारण मॅकर्डी लाँग बीचला पोचला तोवर टेलर चांगले बापे झाले होते. पण मला तो सोडवत नाही, याचं कारण मॅकर्डीचा शेवटचा दरोडा. लाखो डॉलर घेऊन जाणारी गाडी लुटायची म्हणून त्याने भलतीच गाडी अडवली आणि त्याच्या हाती लागले ४६ डॉलर आणि थोडी व्हिस्की. स्केलेटरचा पूर्वज व्हायला याहून लायक माणूस मिळणार नाही.

कारण स्केलेटरचं आयुष्य तेच आहे. १९८३ ते १९८५ या काळात फिल्मेशनने काढलेल्या कार्टूनचे १३० भाग झाले आणि हा त्यातल्या कित्येकांत नवी योजना घेऊन आला. ही-मॅनला काय, तलवार उंच धरून मंत्र म्हटला की ताकद हजर. जन्माने राजपुत्र, फावल्या वेळात आळशीपणाचं सोंग. इकडे स्केलेटर नकाशे पसरतोय, यंत्रं जोडतोय, बीस्ट मॅनसारख्या माणसांकडून कामं करून घेतोय. मुलांचा कार्यक्रम, त्यामुळे ही-मॅनने तलवार कोणावर चालवायची नाही असं बंधन होतं. मग स्केलेटरच्याही वाट्याला मुख्यतः शिव्या देणं उरलं, आणि ॲलन ओपनहाइमर यांनी त्या किरट्या आवाजात इतक्या रंगवून दिल्या की आज मला ही-मॅनचं एक वाक्य आठवत नाही. १९८५ च्या नाताळच्या खास भागात तर दोन पोरं आणि एक यांत्रिक कुत्र्याचं पिल्लू सांभाळताना याच्या मनात चांगुलपणा जागा होतो, आणि तो घाबरून जातो.

दुष्टावर जीव जडणं आपल्याला काही नवीन नाही. दशावतारात संकासुर आला की पोरं पुढे सरकतात. विष्णू येऊन त्याला मारणार हे ठाऊक असतं, पण तोवर रात्र त्याचीच. निळू फुले पडद्यावर दिसले की बायाबापड्या बोटं मोडत, आणि तिकीट मात्र त्यांच्यासाठीच काढलेलं असे. स्केलेटरच्या नशिबीही एक मोठा नट आला. १९८७ च्या चित्रपटात फ्रँक लँजेला यांनी ही भूमिका केली, मुलाला स्केलेटर आवडतो म्हणून, आणि आपल्या लाडक्या भूमिकांत ती ते आजही धरतात. चित्रपट पडला. खेळण्यांचं तर त्याहून वाईट झालं: १९८६ मध्ये अमेरिकेत ४० कोटी डॉलरची असलेली विक्री पुढच्या वर्षी ७० लाखांवर आली. ग्रेस्कलचा किल्ला काही स्केलेटरने जिंकला नाही, पण दुकानातून ही-मॅन नाहीसा झाला खरा.

माझ्या स्केलेटरकडे एडक्याच्या कवटीची जांभळी काठी नाही. अस्सल काठी वेगळी मिळते, पण तिचा भाव बाहुल्याच्या भावाला टेकतो. नक्कल स्वस्तात मिळते. पण एकदा नक्कल हातात दिली की तो 'कंप्लीट' म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहत नाही, असं या जमातीतले कडक सोवळेवाले म्हणतात. मी सध्या त्याला निःशस्त्र ठेवला आहे. पैसे साठवतोय ते दुसऱ्याच एकासाठी. स्टिंकॉर, १९८५ चा, स्कंकासारखा काळापांढरा. साचे इथेही उसने, याच मालिकेतल्या मर-मॅनच्या डोक्याला नवा रंग. पण याच्या प्लास्टिकमध्ये पॅचोलीचं तेल मिसळलेलं होतं, आणि तो वास अजून येतो. एका विक्रेत्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, वासाची गॅरंटी!"

बायकोने शेजारून ऐकलं. "म्हणजे वास येतो म्हणून जास्त पैसे?"

"अर्थात. वास उडाला की भाव पडतो."

"मग तुझे ट्रेकचे बूट आहेत की गॅलरीत," ती म्हणाली. "त्यांचे आधी किती येतात ते विचार त्याला."