भाडेगणिती

शेवगावात पैठण रस्त्याला नव्या गाळ्यांचे बांधकाम सुरू होऊन पहिले शटर बसण्याच्या आतच, कपाशीचे वा उसाचे पैसे हाती आल्यामुळे, अथवा सेवानिवृत्तीची रक्कम बँकेत ठेवूनही अस्वस्थ झाल्यामुळे, जो गृहस्थ खिशात डायरी घालून तेथे उभा आढळतो, तो भाडेगणिती होय. शेती म्हणजे पावसाचे आर्जव आणि व्यापार म्हणजे उधारीचा तगादा, भाडे मात्र महिन्याच्या महिन्याला आपल्या पायांनी चालत येते, असा त्याचा सिद्धान्त आहे.

२० लाखांच्या गाळ्यासाठी ९ टक्क्यांनी १५ वर्षांच्या मुदतीचे १५ लाख कर्ज काढले, तर हप्ता सुमारे १५,२०० आणि भाडे ८,०००, ही वजाबाकी तो करीत नाही असे नव्हे. करतो, आणि ‘भाव वाढणारच’ असे पुटपुटून पान उलटतो. घरपट्टी, डागडुजी आणि रिकामे महिने यांना डायरीत रकानाच नाही. एस.टी. स्थानकामागच्या गल्लीतले चार खोल्यांचे जुने घर नऊ लाखांत मिळत होते. कॉलेजच्या मुलांकडून तितकेच भाडे येऊन, चार लाखांच्या कर्जाचा हप्ता भागवूनही हाती काही उरले असते. पण त्याचे दार दक्षिणेस होते, आणि शिवाय मुलांच्या खोल्यांचा मालक म्हणवून घेण्यात कसली आली प्रतिष्ठा!

भाडेकरू त्याला हवा तो सरकारी नोकर, निर्व्यसनी, मितभाषी आणि बदली न होणारा. असा प्राणी तहसील कचेरीत अद्याप रुजू झालेला नाही. अकरा महिन्यांचा करार केला की कायदा आपल्या बाजूस, या श्रद्धेने तो मुद्रांकावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन निश्चिंत होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार दस्त नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकऱ्याचेच म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, हे कोणी सांगितलेच तर तो त्या माणसाकडे करुणेने पाहतो. नोंदणीचा खर्च वाचवणे हीच त्याच्या व्यवहारातील एकमेव निश्चित प्राप्ती असते.

सध्या गाळ्यात मेहुण्याच्या मुलाने मोबाइल-दुरुस्तीचे दुकान थाटले आहे. भाड्याचा विषय दिवाळीत काढायचा ठरला होता. परंतु दिवाळीस मेहुणेच सहकुटुंब मुक्कामाला आले.