बिनहेडसेटचे बाजीराव

आभासी वास्तवाच्या, म्हणजे व्हीआरच्या, खेळांत एक जमात हमखास भेटते. खेळ बनवणाऱ्याच्या मनात असतं की माणसाने डोळ्यांवर हेडसेट चढवावा, दोन्ही हातांत कंट्रोलर धरावेत आणि खोलीभर वावरत खेळावं. हे गृहस्थ मात्र खुर्चीत मांडी ठोकून, डावा हात कीबोर्डवर आणि उजवा माउसवर ठेवून तोच खेळ खेळतात, आणि वर ‘आपण व्हीआर खेळतो’ असं चारचौघांत सांगतात. रुबाबाला शोभेल म्हणून त्यांना आपण बाजीराव म्हणू. व्हीआरचॅटच्या गप्पांच्या अड्ड्यावर बाजीराव लगेच ओळखू येतात, ते हातांवरून. बाकीची मंडळी बोलताना हातवारे करतात, डोकं खाजवतात, एकमेकांना टाळ्या देतात. बाजीरावांचे हात दोन्ही बाजूंना लोंबत असतात. हलते ती फक्त मान, आणि तीही माउसच्या तालावर. ‘नाही’ म्हणायचं तर माउस डावीकडे-उजवीकडे. मध्येच चहाचा कप आडवा आला की नकार अर्धवट राहतो. हाताची खूण करायची तर शिफ्टबरोबर एफ-वन ते एफ-एटपैकी एक कळ दाबायची, डाव्या हातासाठी डावी शिफ्ट, उजव्यासाठी उजवी. शाबासकीचा अंगठा दाखवायला जावं आणि एक कळ चुकली की समोरच्यावर बोटांचं पिस्तूल रोखलं जातं.

अशा माणसाला लोक दोन विशेषणं देतात, चिक्कू आणि तोतया. पैकी पहिलं फार टिकत नाही. 2016मध्ये ऑक्युलस रिफ्ट बाजारात आला तो 599 डॉलरला आणि एचटीसी व्हाइव्ह 799 डॉलरला, शिवाय त्यांना पेलेल असा दणकट संगणक वेगळा. पुढे हेडसेट स्वस्त झाले, पण जागा स्वस्त झाली नाही. हेडसेट चालवणाऱ्या स्टीमव्हीआर या प्रणालीत चालत-फिरत खेळायला किमान दोन मीटर बाय दीड मीटर मोकळी जमीन लागते. मुंबईच्या वन-बीएचकेमध्ये एवढी जमीन मोकळी करायची तर दिवाण उभा करावा लागतो, आणि दिवाणावर बहुधा कोणीतरी बसलेलं असतं. त्या घरात डोळे झाकून हात फिरवणारा माणूस पराक्रमी ठरत नाही, टीव्हीच्या जिवावर उठलेला ठरतो. तेव्हा बाजीरावांची खुर्ची ही कंजुषी कमी आणि नागरिकशास्त्र जास्त आहे.

शिवाय प्रश्न पोटाचाही आहे. 1968च्या सुमारास आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचं जे यंत्र बनवलं, ते छताला टांगावं लागे. आजचं यंत्र अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं आहे आणि खुशाल चेहऱ्यावर बसतं, पण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाशी त्याचं भांडण मिटलेलं नाही. घाटातल्या एसटीत पुस्तक वाचणाऱ्याला मळमळतं, कारण कान म्हणतो आपण वळतोय आणि डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत; हेडसेटमध्ये नेमकं उलट होतं, डोळे धावतात आणि शरीर जागचं हलत नाही. म्हणून तर अनेक व्हीआर खेळांत चालण्याऐवजी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी टुणकन प्रकट होण्याची सोय ठेवलेली असते. नवा हेडसेटवाला अर्ध्या तासात आडवा होऊन तोंडात आमसूल धरतो, तेव्हा बाजीराव डब्ल्यूची कळ दाबून तिसऱ्या दुनियेत सुखाने पायी हिंडत असतात.

त्यांच्या बोटांनाही कमी लेखू नये. डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांनी चालायची पद्धत लोकप्रिय करण्यात डेनिस फाँग ऊर्फ थ्रेश या क्वेक खेळणाऱ्याचा मोठा वाटा मानला जातो. 1997मध्ये त्याने क्वेकची स्पर्धा जिंकली आणि बक्षीस म्हणून खेळाचे एक निर्माते जॉन कार्मॅक यांची स्वतःची फेरारी घरी नेली. तेव्हापासून एक अख्खी पिढी या कळांवर वाढली आहे. तिच्या बोटांना आता विचारावं लागत नाही. पुढे जायचं मनात आलं की कळ दाबलेली असते. शरीर खेळात उतरायला हवं, हे हेडसेटवाल्यांचं तत्त्व बाजीरावही पाळतात, फक्त मनगटाच्या वरचा भाग ते बाहेर ठेवतात.

इथवर बाजीराव जिंकतात. पण तोतयेपणाच्या आरोपाला उत्तर देताना त्यांची अडचण होते, आणि अडचणीचं नाव आहे ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’. व्हॉल्व्ह कंपनीने मार्च 2020मध्ये हा खेळ काढला तो केवळ हेडसेटवाल्यांसाठी. हौशी मंडळींनी तो कीबोर्ड-माउसवर चालेल अशी जोडणी केली आणि बाजीराव तिथेही पोचले. पण मूळ खेळात बंदूक भरायची म्हणजे रिकामं मॅगझिन खाली पाडायचं, खांद्यामागे हात नेऊन नवं काढायचं, बसवायचं, खटका ओढायचा. आणि हे सगळं समोरून शत्रू येत असताना, थरथरत्या हातांनी. जेफ नावाचा आंधळा राक्षस जिथे फिरतो, तिथे विषारी कणांनी खोकला येऊ नये म्हणून खेळणाऱ्याला स्वतःचा हात खरोखर तोंडावर धरावा लागतो. बाजीरावांचं हे सारं एकेका कळीत उरकतं. भीती धांदलीत होती, आणि धांदल कळीने गिळली. शत्रूही हातांची तारांबळ गृहीत धरून बेतलेले. माउसच्या अचूक नेमापुढे ते बिचारे उगाच मरतात.

मग कोणी म्हणेल, तोतयेपण सिद्ध झालं, व्हीआरचॅटमधूनही यांना हाकला. हा निष्कर्ष घाईचा आहे. व्हीआरचॅटमध्ये हेडसेटशिवाय शिरायची वाट बनवणाऱ्यांनीच ठेवली आहे, कारण तिथलं खेळणं हातात नाही, सोबतीत आहे. तिथे पाय-कमरेला सेन्सर बांधून नाचणारे असतात, तासन्‌तास आरशासमोर बसून गप्पा मारणारे असतात, आणि तोंडातून अवाक्षर न काढता खुणांवर भागवणारेही असतात. न बोलणारा जर त्या मैफलीत पूर्ण सभासद, तर लोंबत्या हातांचा बोलका माणूस अर्धा कसा? समोरच्याचा विनोद त्याला कळतो, त्याच्या विनोदाला समोरचा हसतो. हे हसणं कोणत्या यंत्रातून आलं याने त्यात काही कमी होत नाही. म्हणजे हेडसेट हवा की नको हे माणसाला विचारून ठरायचं नाही, खेळाला विचारून ठरेल. जिथे हाताचं काम हाच खेळ, तिथे बाजीराव प्रेक्षक. जिथे माणसं हाच खेळ, तिथे ते बरोबरीचे. तेव्हा ‘ॲलिक्स’बद्दल बोलताना त्यांनी ‘पाहिला’ एवढंच म्हणावं. व्हीआरचॅटला जाऊन आलो, असं मात्र छाती काढून सांगावं.