सार्वजनिक उपक्रम समितीस भिवंडीचं आग्रहाचं निमंत्रण

माननीय अध्यक्ष व सदस्य,
सार्वजनिक उपक्रम समिती, महाराष्ट्र विधानमंडळ, मुंबई



सरकारी कंपन्या नीट चालतात की नाही, हे आपण तपासता. त्या कामी भिवंडी आपल्याला फार सोपी जाईल. 2005 मध्ये वीज मंडळाची वाटणी होऊन महावितरण जन्माला आली आणि 26 जानेवारी 2007 ला, ऐन प्रजासत्ताक दिनी, आमची वीज फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे गेली. असा प्रयोग देशात पहिलाच. वीजगळती उतरली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता मौज पाहा. परवाना महावितरणचा, वसुली टोरंटची, दर नियामक आयोगाचे. आपल्यापुढे साक्षीला बसणार महावितरणचे अधिकारी, ज्यांच्या खात्याला 2007 पासून इथलं मीटर वाचावं लागलेलं नाही. प्रश्न भिवंडीचा, साहेब प्रकाशगड या मुख्यालयातले! (2017 मध्ये कराराला आणखी दहा वर्षं मिळाली. नागपूर आणि तेव्हाचं औरंगाबाद इथल्या फ्रँचायझींनी मात्र मध्येच गाशा गुंडाळला. एकच धोरण आमच्याकडे टिकलं आणि तिकडे आपटलं ते का, हे कुणीतरी विचारायला हवं. आपणच ते कुणीतरी, अशी आमची भाबडी समजूत आहे.)

म्हणून एक नम्र सूचना. देखरेखीचीही फ्रँचायझी देऊन टाका. विधानभवनातून किती प्रश्न सोडले आणि गावात किती उत्तरं पोचली, यातली गळती मोजायची. ती कमी करील त्याला ठेका. कॅगचा अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवण्याचं कामही त्यालाच द्यावं, म्हणजे सदस्यांची गाडी चुकणार नाही.

तोवर दौऱ्यावर या. मे 2025 मध्ये आपली भावकी, अंदाज समिती, धुळ्याला गेली होती. तिथल्या विश्रामगृहातल्या एका खोलीत 1 कोटी 84 लाखांची रोकड निघाली आणि ती कुणाची, हे शोधायला विशेष तपास पथक नेमावं लागलं. आमच्याकडे पाहुणचार चहा-खारीचा असेल.

अंजूरफाट्यावरून या, धामणकर नाक्यावर उतरा आणि शांतीनगरात एखाद्या यंत्रमाग कारखान्यात शिरून मागवाल्याला बिल दाखवायला सांगा. आगाऊ कळवू नका. आणि शुक्रवार टाळा. लूम बंद असतात.

आपला,
एक वीजग्राहक, भिवंडी